पंचवीस शब्द बोलणारा मुलगा आपली बाजू कशी मांडणार?

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका आईंचा प्रश्न आहे, तो थोडक्यात असा. मुलगा पंधरा वर्षांचा, ऑटिस्टिक. घरात तेलुगू, शाळेत मराठी, दोन्ही मिळून पंचवीसेक शब्द बोलतो. परदेशातले ऑटिस्टिक लोक आपल्या हक्कांसाठी आपणच बोलतात हे त्यांनी व्हिडिओंत पाहिलं, पण ती सगळी फाडफाड इंग्रजी बोलणारी माणसं, आमच्या पोराला त्याचा काय उपयोग, असं त्या विचारतात. शाळा म्हणते, आधी ‘शांत हात’ (हात न हलवता बसणं) आणि नजरेला नजर शिकवा. मागच्या गड्ड्यात, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत, मुलगा कान दाबून जमिनीवर आडवा झाला आणि लोकांनी मोबाइल काढले. दीर म्हणतात, अठरा पूर्ण झाले की पालकत्वाचे कागद करून टाकू, सह्या आम्ही करू.

ताई, वरवर हे चार वेगळे प्रश्न आहेत. पण चारही ठिकाणी अडतंय एकाच जागी: जो बोलत नाही त्याच्या ‘हो’ला आणि ‘नको’ला वजन द्यायचं का, आणि द्यायचं तर ते ओळखायचं कसं. बोलण्याच्या अडचणींवर काम करणारी व्यक्ती म्हणून मी उत्तर त्याच बाजूने देणार.

काही गोष्टी मुलाला पाहिल्याशिवाय सांगता येत नाहीत. त्याला किती समजतं (बोलण्यापेक्षा समजणं बहुधा बरंच जास्त असतं), तो अक्षरं ओळखतो का, बोट नेमकं एका चित्रावर टेकवू शकतो का, ऐकण्याची तपासणी झाली आहे का. लहानपणी बेरा ही ऐकण्याची चाचणी झाली नसेल किंवा मधे कान फुटून वाहिला असेल, तर तपासणी आधी करून घ्या. बाकीचं त्यासाठी थांबवू नका.

आता त्या व्हिडिओंबद्दल. ऑटिझमवर १९४३ साली लिओ कॅनर यांनी लिहिलं, आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षं त्यावर बोलले ते डॉक्टर आणि पालक. मधल्या काळात काही तज्ज्ञांनी सगळं खापर आईच्या कोरडेपणावर फोडलं, पालकांनी संघटना काढून ते खोडून काढलं. ज्यांच्याबद्दल हा सगळा वाद चालला होता त्यांना कुणी विचारलं नाही. १९९३ साली टोरांटोच्या एका परिषदेत जिम सिंक्लेअर या ऑटिस्टिक कार्यकर्त्या व्यक्तीने पालकांना सांगितलं, की तुमचा शोक हा मनात रंगवलेल्या मुलासाठी आहे, समोर उभं असलेलं मूल वेगळं आहे आणि त्याला तुमची गरज आहे. पुढे २००६ साली अमेरिकेत ‘ऑटिस्टिक सेल्फ ॲडव्होकसी नेटवर्क’ ही ऑटिस्टिक लोकांची स्वतःची संघटना निघाली. २००७च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये एका संस्थेने ‘तुमचा मुलगा आमच्या ताब्यात आहे’ अशा थाटात, जणू ऑटिझमने खंडणीची चिठ्ठी पाठवलीय अशा जाहिराती लावल्या होत्या. नेटवर्कच्या लोकांनी काही आठवड्यांत त्या उतरवायला लावल्या.

तुमच्या कामाची गोष्ट त्याच वर्षातली आहे. जानेवारी २००७ मध्ये मेल बॅग्ज या अमेरिकन ऑटिस्टिक व्यक्तीने एक व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. आधी कितीतरी वेळ नुसतं गुणगुणणं, हात हलवणं, नळाच्या पाण्यात बोटं फिरवणं. मग टाइप केलेली वाक्यं यंत्राच्या आवाजात ऐकू येतात: तुम्ही आत्ता पाहिलंत ती माझी भाषा आहे, आणि तुमची भाषा मला येत नाही म्हणून तुम्ही मला विचारशून्य ठरवता. म्हणजे न बोलणारी माणसं या चळवळीत पहिल्यापासून आहेत. फाडफाड बोलणाऱ्यांचे व्हिडिओ आपल्यापर्यंत जास्त पोचतात, एवढंच. (जाता जाता, आपला ‘स्वमग्न’ हा शब्दही थोडा फसवा आहे. स्वतःत बुडालेला, आजूबाजूचं भान नसलेला माणूस डोळ्यासमोर येतो. खरं तर यातल्या बऱ्याच मुलांना आजूबाजूचं भान जरा जास्तच असतं, ते झेपत नाही. म्हणून मी ‘ऑटिस्टिक’च लिहिते.)

आणि हे परक्यांचं म्हणून सोडून देण्याचं कारण नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६चा, भारताने तो २००७ साली स्वीकारला, आणि त्यातून आपला २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आला. त्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. त्याहून महत्त्वाची त्यातली ‘संवाद’ या शब्दाची व्याख्या. बोलणं-लिहिणं याबरोबरच खुणा, चित्रं आणि पूरक व पर्यायी संवादाची साधनंही तिच्यात धरलेली आहेत. तुमच्या मुलाने चित्रावर बोट ठेवून सांगितलेलं ‘नको’ कायद्याच्या नजरेत संवादच आहे. हे लक्षात ठेवा, शेवटी दिरांच्या मुद्द्याला लागेल.

आपली बाजू आपण मांडायची सुरुवात भाषणापासून होत नाही, ‘नको’पासून होते. आपल्याकडे शिकवतात ते उलटं: खाली बस, हात जोड, दे, घे, काकांना पापी दे. दहा वर्षं मूल फक्त ‘ऐकायला’ शिकतं. पंधराव्या वर्षी हे धोक्याचं आहे. ज्या मुलाला कुणी मोठ्याने सांगितलं की ऐकायचंच एवढंच शिकवलंय, त्याला वाईट हेतूने जवळ येणाऱ्यालाही ‘नको’ म्हणता येत नाही आणि नंतर घरी सांगताही येत नाही. म्हणून ‘नको’ हा शब्द ‘पाणी’ आणि ‘बिस्किट’ यांच्या आधी त्याच्या फलकावर, म्हणजे चित्रांवर बोट ठेवून बोलायच्या कागदावर, हवा.

फलक साधा करा. ए-फोर आकाराचा जाड कागद, आडवे पाच आणि उभे चार असे वीस चौकोन, प्रत्येकात एक चित्र आणि खाली शब्द. दोन्ही बाजूंनी लॅमिनेट. शब्द निवडताना वस्तूंची नावं कमी ठेवा, कुठेही चालतील असे शब्द जास्त: नको, हवं, अजून, थांब, संपलं, मदत, दुसरं, जाऊ या, दुखतंय, आवाज फार, एकटं राहू दे, काय, कुठे. उरलेल्या चौकोनांत त्याच्या आवडीच्या सहा-सात गोष्टी. ‘नको’ कोपऱ्यात ठेवा, बोट चटकन पोचतं. एकदा ठरलेली जागा बदलू नका. आपण मोबाइलवर अक्षरं न बघता टाइप करतो तशी बोटाला जागेची सवय होते, दर महिन्याला नवी मांडणी केली की ती मोडते. नवे शब्द वाढवायचे तर दुसरं पान जोडा. तीन प्रती काढा: एक स्वयंपाकघरात त्याच्या हाताच्या उंचीवर, एक पिशवीत, एक शाळेत.

मोबाइल किंवा टॅब असेल तर आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ हे ॲप मोफत आहे आणि मराठीत चालतं. चित्राच्या बाजूला भाव सांगणारी सहा बटणं असतात, त्यात ‘हवे’ आहे तसंच ‘नको’ही आहे. चित्र दाबून मग ‘नको’ दाबलं की ॲप पूर्ण वाक्य बोलतं. तरी कागदाचा फलक टाकून देऊ नका. वीज जाते, चार्जिंग संपतं, धाकट्याला त्याच टॅबवर कार्टून हवं असतं.

घरात तेलुगू आणि बाहेर मराठी, यावर तुम्हाला बहुतेक कुणीतरी सांगितलं असेल की एकच भाषा ठेवा, नाहीतर मूल गोंधळतं. तसं मानायला आधार नाही. दोन भाषांच्या घरातली ऑटिस्टिक मुलं त्यामुळे भाषेत जास्त मागे पडतात असं अभ्यासांत दिसलेलं नाही. आजी तेलुगूत बोलायची थांबली तर मुलाशी बोलणारं एक माणूस मात्र नक्की कमी होतं. फलकावर चित्र एकच ठेवा, खाली दोन्ही भाषांतले शब्द लिहा, घरी दाखवताना तेलुगूत बोला. एक सापळा मात्र आहे आणि तो खास आपल्या गावचा. तेलुगूत ‘चालु’ म्हणजे ‘पुरे’. मराठीत ‘चालू’ म्हणजे सुरू. पोरगा कान दाबून ‘चालु, चालु’ म्हणत असतो आणि शाळेतल्या मराठी बाई पंखा किंवा गाणं आणखी वाढवतात. मग तो वही फेकतो आणि अहवालात ‘विनाकारण चिडतो’ असं येतं. त्याच्या पंचवीस शब्दांची यादी करा, प्रत्येकापुढे तो शब्द कोणत्या भाषेतला आणि तो कशासाठी वापरतो हे लिहा आणि एक झेरॉक्स शाळेत द्या. हे अर्ध्या तासाचं काम आहे, आणि उपयोग पुष्कळ.

फलक शिकवायचा कसा, इथे बहुतेक घरांचं चुकतं. चूक अशी की फलक आला की लगेच परीक्षा सुरू होते: ‘दाखव, पाणी कुठंय? बोल, मग देते.’ पहिले दोन आठवडे त्याच्याकडून काहीही मागू नका. बोट फक्त तुम्ही ठेवायचं. जेवण, आंघोळ, बाहेर पडणं, झोप अशा चार ठरलेल्या वेळा निवडा आणि बोलता बोलता महत्त्वाच्या शब्दावर बोट टेकवा: ‘भात अजून?’ म्हणताना ‘अजून’वर, ‘झालं, संपलं’ म्हणताना ‘संपलं’वर. लहान मूल बोलायला लागण्याआधी वर्षभर ऐकतं, तसंच हे, त्याने फलक वापरला जाताना पाहायला हवा. विचारून झालं की मनात दहापर्यंत आकडे मोजा. दहा सेकंद फार वाटतात, पण त्याला ऐकून, समजून, हात उचलायला तेवढे लागू शकतात. पाचव्या सेकंदाला आपण पुन्हा विचारतो तेव्हा त्याची जुळवाजुळव पहिल्यापासून सुरू होते.

‘नको’ अशा ठिकाणी शिकवा जिथे तुमचं काहीच अडत नाही. समजा त्याला कारल्याची भाजी आवडत नाही. ताटाजवळ चमचा नेलात, त्याने हात ढकलला. ढकलणं हेच त्याचं ‘नको’. तुम्ही लगेच फलकावरच्या ‘नको’वर बोट ठेवा, म्हणा ‘नको. बरं.’ आणि चमचा बाजूला. लगेच. ‘एक घास तरी’ म्हणायचं नाही. हे पंधरा-वीस वेळा झालं की ढकलायला निघालेला हात फलकाकडे वळू लागतो. त्यानंतर पहिल्यांदा तो स्वतः ‘नको’वर बोट ठेवेल आणि तुम्ही तरी घास भराल, तर केलेलं सगळं पाण्यात जातं. बोट ठेवून काम होत नाही, ताट उडवून होतं, एवढं त्याला कळतं, आणि तो जे चालतं तेच करणार.

मग गोळ्या, दात घासणं, रस्ता ओलांडणं यांचं काय? जिथे ‘नको’ मान्य करता येणार नाही तिथे प्रश्न विचारूच नका. ‘आंघोळ करतोस का?’ हा प्रश्न खोटा आहे, कारण उत्तर तुम्ही आधीच ठरवलंय. ‘आता आंघोळ. बादली की शॉवर?’ हे खरं आहे. गोळी घ्यायचीच, पण ताकाबरोबर की पाण्याबरोबर, आधी की जेवण झाल्यावर, हे त्याचं. काय करायचं ते तुमच्याकडे राहिलं तरी कसं आणि कधी यातलं थोडं त्याच्या हातात द्या.

आधीच सांगून ठेवते: ‘नको’ हाताला लागल्यावर दोन-तीन आठवडे तो सगळ्यालाच नको म्हणेल. आवडीच्या पेसरट्टूलाही (मुगाच्या डोशालाही). बटण चालतं का, याचा तो अंदाज घेत असतो. या काळात घरातलं कुणीतरी म्हणेल, ‘बिघडवलंत पोराला.’ तेव्हा फलक कपाटावर चढतो आणि तिथून परत खाली येत नाही. शिक्षा म्हणून फलक किंवा टॅब काढून घेणं तर कधीच नको. बोलणाऱ्या मुलाचं तोंड चिकटपट्टीने बंद करण्यासारखंच आहे ते.

‘दुखतंय’ या चौकोनाला वेगळं सांभाळा. फलकाच्या मागच्या बाजूला शरीराची साधी बाह्याकृती काढा, पुढून आणि पाठीमागून. शिकवायची वेळ दातदुखीची नसते. गुडघा खरचटला, डास चावला, अशा लहान प्रसंगी त्या जागेवर बोट ठेवून दाखवा. तुम्हाला स्वतःला डोकं दुखत असेल तेव्हाही त्यावरच दाखवा. न बोलणारा मुलगा अचानक काही दिवसांत बदलला, डोकं आपटू लागला, जेवण सोडलं, रात्री उठून बसू लागला, तर ‘वागणूक’ म्हणण्याआधी दात, कान, बद्धकोष्ठ आणि झोप तपासा. ऑटिझमबरोबर फिट्सचं प्रमाण जास्त असतं आणि किशोरवयात त्या नव्याने सुरू होऊ शकतात. मधेच शून्यात पाहत राहणं, हाक मारूनही भान नसणं दिसलं तर मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या आणि न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. जसा आहे तसा स्वीकारणं म्हणजे उपचार सोडणं, असा अर्थ काही लोक काढतात. चळवळीतल्या लोकांचं म्हणणं तसं नाही. ऑटिझम पुसून टाकायच्या मागे लागून दात किडू देऊ नका, असं ते म्हणतात.

एक इशारा. मुलाचा हात, मनगट किंवा कोपर धरून, किंवा अक्षरांचा फलक त्याच्यापुढे हवेत धरून त्याच्याकडून लांबलचक वाक्यं, कविता ‘लिहून घेणारे’ लोक भेटतील. हात धरून टाइप करवण्याच्या पद्धतीची चाचणी अनेकदा झाली आहे. धरणाऱ्याला एक चित्र आणि मुलाला दुसरं दाखवलं की लिहिलं जातं धरणाऱ्याने पाहिलेलं. अमेरिकेतल्या वाणी-भाषा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली या पद्धती वापरू नयेत असं स्पष्ट म्हटलं. चळवळीत यावर मतभेद आहेत, तरी माझं मत पक्कं आहे. जे बोट त्याचं त्याने हलवलं ते त्याचं म्हणणं, मग तो एकच शब्द का असेना. त्याच्या नावावर दुसऱ्याची सुंदर वाक्यं खपवणं हा त्याचा आवाज काढून घेण्याचाच प्रकार आहे, आणि तोही कौतुकाच्या वेष्टनात.

शाळेचं म्हणणं: शांत हात आणि नजरेला नजर. बहुतेक मुलांसाठी हात फडफडवणं, झुलणं, एकच आवाज काढत राहणं हे अंगातला ताण जागेवर ठेवण्याचं साधन असतं. ते दाबायला लावलं की दाबण्यातच त्याचं सगळं लक्ष खर्च होतं आणि शिकायला उरत नाही. नजरेचंही तेच: कित्येक ऑटिस्टिक माणसं मोठेपणी सांगतात की डोळ्यांत पाहिलं तर बोलणं ऐकू येत नाही आणि ऐकायचं तर नजर वळवावी लागते. डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञाने २०१२ साली असं मांडलं, की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. आपल्यालाही त्यांचं वाचता येत नाही, फक्त उणं त्यांच्या खात्यावर पडतं. माझा निकष सोपा आहे: हात फडफडवल्याने कुणाला इजा होते का? नसेल तर सोडून द्या. स्वतःचा हात रक्त येईपर्यंत चावत असेल तर थांबवायलाच हवं, पण ‘हात खाली’ म्हणून ते थांबत नाही. कधी चावतो याची दोन आठवडे नोंद ठेवा: वेळ, आधी काय झालं, नंतर काय झालं. बहुधा आवाज, भूक, अचानक बदल किंवा दुखणं यांपैकी काहीतरी वर येतं. चावायला रबरी वस्तू देणं तात्पुरतं ठीक, पण कारण तिकडेच राहतं.

शाळेशी भांडू नका, पण लेखी मागा. वर्षाच्या उद्दिष्टांतून ‘शांत हात’ आणि ‘नजर’ काढून त्या जागी तीन गोष्टी सुचवा: दिवसातून किमान पाच वेळा कुणी न सांगता फलकावरून काहीतरी सांगणं, ‘थांब’ दाखवल्यावर पाच मिनिटं शांत कोपऱ्यात जाता येणं, आणि शौचालयात स्वतःची स्वच्छता स्वतः करणं. तिसरं मुद्दाम घातलंय. पंधरा वर्षांच्या मुलाच्या अंगाला किती कमी लोकांना हात लावावा लागतो, यावर त्याची सुरक्षितता अवलंबून आहे. आणि २ एप्रिलला, जागतिक ऑटिझम दिनाला, शाळेत पाहुण्यांची भाषणं असतीलच. मुलांना निळे टी-शर्ट घालून उन्हात उभं करण्यापेक्षा त्या दिवशी शिक्षकांनी तासभर तोंड न उघडता फक्त फलकावर बोलून पाहावं, असं सुचवून बघा.

आता गड्डा. तुमच्या भागात यंत्रमागांची खटखट दिवसभर असते आणि त्यात मुलगा शांत बसतो, मग गड्ड्यातच नाटक का, असं नातेवाईक म्हणत असतील. मागाचा आवाज मोठा असला तरी एकसारखा असतो, पुढचा ठोका कधी पडणार हे माहीत असतं. पाळण्याचा भोंगा, पिपाण्या, मौत का कुआँची मोटरसायकल, मधेच माइकवरची घोषणा यातलं काहीच आधी कळत नाही, आणि त्यात धक्के, तळणाचा वास, दिव्यांची उघडझाप. शोभेच्या दारूकामाला नेऊच नका, ते लांबून गच्चीवरून दिसत असेल तर बघू द्या. गड्डा भरतो त्या होम मैदानावर संक्रांतीचे गर्दीचे दिवस टाळून नंतर, आठवड्यातल्या मधल्या दिवशी, दुपारी चारच्या सुमारास स्टॉल उघडत असताना न्या. पहिल्यांदा वीस मिनिटं. घरी आधी तीन चित्रं दाखवा: रिक्षा, एक पाळणा, घर. कारखान्यात वापरतात तसे कान पूर्ण झाकणारे इअरमफ सुरक्षा साहित्याच्या दुकानात मिळतात. ते आठवडाभर आधी घरी पाच-पाच मिनिटं घालून सवय करा, मैदानावर पहिल्यांदा घातले तर तो भिरकावून देईल. दिवसभर मात्र घालू नका, कान साध्या आवाजालाही हळवे होतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याने ‘जाऊ या’ दाखवलं तर पाळण्याचं तिकीट काढलेलं असलं तरी निघायचं. दहा मिनिटांत निघालात तर फेरी फसली असं समजू नका. सांगितलं की बाहेर पडता येतं हे त्याला कळलं, तर पुढच्या वेळी तो पंधरा मिनिटं थांबेल, कारण अडकण्याची भीती गेलेली असते. तरीही तो आडवा झालाच, तर उचलून ओढू नका आणि बोलू नका. एकाने त्याच्याजवळ बसायचं, दुसऱ्याने लोकांकडे तोंड करून उभं राहायचं. खिशात एक कार्ड ठेवा: ‘हा ऑटिस्टिक आहे. आवाजाने त्रास होतोय. थोडी जागा द्या, व्हिडिओ काढू नका.’ ब्रिटनमध्ये २०१६ साली गॅटविक विमानतळावर सूर्यफुलाच्या पट्ट्या गळ्यात घालायची पद्धत सुरू झाली, न दिसणारं अपंगत्व असलेल्या प्रवाशांसाठी. ती पुढे बऱ्याच देशांत गेली. आपल्याकडे ते फूल कुणी ओळखणार नाही, मराठीत दोन ओळी लिहिलेल्या बऱ्या. यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाला, घरच्यांना जायचंच असेल तर मुलाला घेऊन एकाने घरी थांबावं. संमती कट्ट्यावर संमती वाचल्यावर अक्षता पडतात. त्याला त्या गर्दीत नेण्याआधी त्याचीही घ्यावी, एवढंच.

राहिला दिरांचा मुद्दा. त्यांचा हेतू चांगला असेल, पण घाई चुकीची आहे. अठरा पूर्ण झाले की मुलगा कायद्याने प्रौढ होतो, ऑटिझम असला तरी. पालकत्व आपोआप कुणाकडेही जात नाही, ना काकांकडे, ना तुमच्याकडे. ऑटिझमसाठी ते मिळतं १९९९च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडून. समितीत नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी असतो आणि एक दिव्यांग व्यक्तीही असते. आई-वडील किंवा नातेवाईक अर्ज करू शकतात. या व्यक्तीला पालकाची गरज आहे का आणि असेल तर नेमकी कशासाठी, हे समितीने पाहायचं असतं. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते, दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशोब द्यावा लागतो, आणि दुर्लक्ष किंवा गैरव्यवहार केला तर त्याला काढता येतं. ‘सह्या आम्ही करू’ म्हणणाऱ्यांना हे हिशोबाचं कलम आधी वाचून दाखवा. बऱ्याचदा उत्साह तिथेच थोडा उतरतो.

दुसरा रस्ता २०१६च्या कायद्यात आहे: मर्यादित पालकत्व. विशिष्ट निर्णयापुरतं, ठरावीक मुदतीसाठी, आणि पालक व व्यक्ती दोघांनी मिळून निर्णय घ्यायचा. जगाचा ओढा याच बाजूला आहे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १९९६च्या कायद्यापासून माणूस आपल्या विश्वासातल्यांना मदतनीस नेमू शकतो आणि आपला निर्णयाचा हक्क स्वतःकडेच ठेवतो. पेरूने २०१८ साली अपंगत्वाच्या कारणाने माणसाचा हक्क काढून घेणारं पालकत्वच बंद केलं. आपण तिथवर आलेलो नाही. म्हणून माझा सल्ला असा: घर किंवा जमिनीचा व्यवहार, मोठी ठेव किंवा वारसा, असं काही प्रत्यक्ष समोर नसेल तर अठराव्या वाढदिवसाला धावत अर्ज करू नका. असेल तर अर्ज तुम्ही आई-वडिलांनी करा आणि गरज नेमकी लिहा.

त्याआधी करायचं ते वेगळंच आहे. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) नसेल तर ‘स्वावलंबन’ पोर्टलवर आधार, फोटो आणि पत्त्याच्या पुराव्यासह अर्ज भरा, तपासणी सरकारी रुग्णालयात होते. तिथे ‘इसा’ नावाची चाळीस मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी वापरतात आणि बरंचसं तुमच्या सांगण्यावर ठरतं. आया तिथे मुलाची बाजू घेतात: ‘तसं सगळं समजतं त्याला, करतो सगळं.’ नेहमीच्या दिवशी कुणाच्या मदतीशिवाय तो काय करतो तेवढंच सांगा, वाढवू नका, झाकूही नका. चाळीस टक्के किंवा जास्त आलं तर बहुतेक सवलतींचं दार उघडतं. नॅशनल ट्रस्टचा ‘निरामय’ हा एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे, त्यात थेरपीचा खर्चही धरलेला असतो. तो लगेच पाहा.

आणि आजपासून एक वही ठेवा. मुलाने स्वतः घेतलेले निर्णय, तारखेसह, एका ओळीत: ‘केस कापताना मशीन नको, कात्री हवी, फलकावर दाखवलं.’ ‘मावशीकडे राहायचं नाही, दोनदा दाखवलं.’ तीन वर्षांनी तो अठराचा होईल तेव्हा ‘त्याला काही कळत नाही’ या वाक्यापुढे ठेवायला ही वही लागेल. दिरांनी तरी अर्ज केलाच आणि समितीपुढे जायची वेळ आली, तर मुलाला घरी ठेवू नका. वही घ्या, त्याला बरोबर घ्या आणि त्याचा फलकही, कारण कायद्याच्या व्याख्येत तो फलक म्हणजे त्याचं बोलणं आहे. आणि तिथे कुणी त्याला काही विचारलं, तर त्यांनाही आधी सांगून ठेवा, की दहा सेकंद थांबा.